हरवलेल्या माणसाचा पुढचा पत्ता

शनिवार, दुपारचे अडीच
(घरची झोपली आहे म्हणून निवांत लिहितोय)

प्रिय साडभाऊंना थोरल्या साडूचा मनापासून नमस्कार.

वयानं मोठा असून मीच आधी नमस्कार करतोय, म्हणजे या माणसाचं काहीतरी काम अडलेलं असणार, असं तुमच्या मनात आलंच असेल. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून उभा जन्म काढल्यावर माणूस दुसऱ्याचा नमस्कारसुद्धा काट्यावर घालून बघतो, त्यात तुमचा दोष नाही. पण खरंच सांगतो, काम काही नाही. सहज लिहितोय. तुमचं पोट कसं आहे? कानाचा दडा सुटला का? (धाकटी फोनवर सांगत होती की तिनं बोललेलं सोडून तुम्हाला बाकी सगळं ऐकू येतं. हा आजार नव्हे, ही लग्नाची मिळकत.) गुडघ्याला लावायचं तेल मी धाडलं होतं ते संपलं असल्यास कळवा, आणि संपलं नसेल तर तुम्ही ते लावतच नाही असं समजून मी इकडे रागावायला मोकळा आहे. थोरली ठणठणीत. मला बोल लावण्याइतका तिचा आवाज शाबूत आहे आणि तो ऐकण्याइतके माझे कान, म्हणजे संसार व्यवस्थित चाललाय.

सूनबाईचा पाय मोडल्याचं धाकटीकडून कळलंच असेल. कसा मोडला ते मात्र कळलं नसणार, कारण सूनबाईनं सगळ्या गोतावळ्याला 'घसरले' एवढंच सांगितलंय. खरी गोष्ट अशी, की ती उलटी चालत होती. तिचा धंदाच तो. आपल्या शहरातल्या ज्या चौघा पोरांचा रॉक बँड पुढे जगभर गाजला, त्याचे चाहते लांबलांबून येतात. त्यांना घेऊन ती गल्लीबोळांतून पायी हिंडते आणि इथे ते पहिल्यांदा वाजवायला बसले, इथे त्यांची पहिली तबकडी विकली गेली, असं दाखवत जाते. लोकांकडे पाठ करून बोललं तर ऐकू जात नाही, म्हणून ही गाईड मंडळी तोंड लोकांकडे आणि पाठ रस्त्याकडे करून चालतात. (पुढे न बघता चालणारी माणसं जगात दोनच प्रकारची. एक प्रेमात पडलेली आणि दुसरी ही.) त्या दिवशी मागे गटाराचं झाकण दुरुस्तीसाठी काढून ठेवलेलं होतं. 'आणि नेमक्या याच जागी बँडच्या नशिबानं...' एवढं बोलून सूनबाई दिसेनाशी झाली. पंचवीस माणसांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. त्यांना वाटलं, हे कार्यक्रमातच आहे.

सहा आठवड्यांचं प्लास्टर. पुढच्या सहा आठवड्यांची माणसं तर आधीच नोंदलेली, काहींनी दोन-दोन दिवसांचा प्रवास ठरवलेला. चार वर्षं पाय झिजवून पोरीनं हे उभं केलंय, आणि आपल्या चिरंजीवाला तर तुम्ही जाणताच, चार लोकांसमोर स्वतःचं नाव सांगायचं म्हटलं तरी घाम पुसतो. शेवटी सूनबाईनं माझ्याकडे बघितलं. 'बाबा, चौतीस वर्षं याच रस्त्यांवर टपाल वाटलंत. तुम्हाला डोळे मिटून येतील.' असं म्हणून तिनं अकरा पानांचा मजकूर माझ्या हातात ठेवला. सातवीनंतर माझी शाळा सुटली ती सुटली. पण चौतीस वर्षं लोकांची अक्षरं वाचून मी जे शिकलो त्याच्यापुढे अकरा पानं म्हणजे किस झाड की पत्ती. मी हो म्हणून बसलो. नववं पान वाचलं तेव्हा मात्र मी कागद पालथा घातला, आणि तो का घातला हे या जगात फक्त तुम्ही समजू शकाल.

कारण नवव्या पानावर तुम्ही आहात. म्हणजे ठोक्या आहे. बँडचा पहिला ड्रमर, ज्याचं तबकडीच्या पाकिटावर नुसतं टोपणनाव छापलंय, ज्याचे लांब केस फोटोतसुद्धा मावत नाहीत, आणि जो बँडच्या पहिल्या मोठ्या कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी नदीवरच्या पुलावर आला, हातातल्या दोन्ही काठ्या त्यानं पाण्यात भिरकावल्या, आणि धुक्यात चालत गेला तो कायमचा हरवला. कुणी म्हणतं बुडाला, कुणी म्हणतं जहाजावर गेला. असं नववं पान म्हणतं, आणि तिथे सूनबाई एक मिनिट सगळ्यांना गप्प उभं करते. साडभाऊ, गेल्या वर्षी तुम्ही आमच्याकडे आला होतात तेव्हा हीच सूनबाई तुम्हाला चहा देऊन तोच फोटो दाखवत होती. 'मावसोबा, यातला हरवलेला कोणता, ओळखा बरं.' आणि तुम्ही चष्मा पुसून फोटो निरखलात, 'या मुलानं केस कापायला हवे होते' असं म्हणालात आणि आणखी एक बिस्कीट घेतलंत. माझा चहा नाकातून बाहेर आला होता. त्याचं कारण आजवर घरात कुणाला कळलेलं नाही.

धुकं वगैरे काही नव्हतं त्या सकाळी. चांगलं लख्ख ऊन होतं. मी पहिल्या फेरीचं टपाल घेऊन पुलावर आलो आणि समोरून तुम्ही. केस कापलेले, तेही इतक्या घाईनं की एका कानावर जास्त राहिलेले. हातात काठ्या नव्हत्या, प्लास्टिकच्या पिशवीत दाखले होते. पुलापलीकडून परगावची बस सुटायची आणि वजनमापे खात्याची मुलाखत त्याच दिवशी होती. वडिलांचा उजवा हात चालेनासा झाला होता, पाठची तीन भावंडं शाळेत होती, आणि बँडला तेव्हा टाळ्यांखेरीज काही मिळत नव्हतं. तुमचे डोळे लाल होते. मी विचारलं तर म्हणालात, साबण गेला. (काठ्या कुठे होत्या तेही मला ठाऊक आहे. वाजवायला ज्या तळघरात बसायचात त्याच्या वरच्या बटणांच्या दुकानाच्या खिडकीला त्या टेकू म्हणून लावून गेला होतात. पुढे चार वर्षं ती खिडकी त्यांच्यावरच उघडी राहिली.) तुम्ही मला म्हणालात, 'लोक मला पळपुटा म्हणतील. मी कुठे गेलो ते कुणाला सांगू नकोस. शब्द दे.' मी दिला. त्यानंतर मीच तुम्हाला धाकटीचं स्थळ आणलं, 'अरे-तुरे'चे आपण 'अहो-जाहो' झालो, तुम्ही बढत्या घेतल्यात, पेन्शनीत निघालात. आणि एक्केचाळीस वर्षं तो शब्द मी छातीच्या खिशात जपून ठेवला. झाकली मूठ सव्वा लाखाची. आता तीच मूठ घेऊन मला पंचवीस माणसांपुढे उभं राहायचं होतं. खोटं बोलायचं तर जीभ रेटत नाही, आणि खरं बोलायचं तर तुमचा शब्द मोडतो. इकडे आड तिकडे विहीर, आणि मधल्या बोळात मी, हातात सूनबाईची, लोकांना वाट दाखवायची लाल छत्री.

पहिल्या दिवशी काय झालं ते ऐका. सूनबाईची सहल सुरू होते शाळेच्या सभागृहापासून. तिथे चौघं पहिल्यांदा लोकांसमोर वाजवायला उभे राहिले. मग बटणांच्या दुकानाखालचं तळघर, मग तबकड्यांचं दुकान, आणि सगळ्यात शेवटी पूल, म्हणजे तुमचं हरवणं. लोक डोळे पुसत घरी जातात. मी ठरवलं होतं की मुकाट्यानं कागदाप्रमाणे चालायचं. पण साडभाऊ, डोकं सूनबाईचं ऐकेल, पाय कुणाचं ऐकतात? आमचं टपाल कार्यालय पुलाच्या तोंडाशी. चौतीस वर्षं माझी फेरी पुलापासून सुरू होऊन शाळेपाशी संपायची. प्रत्येक गल्लीत आधी विषम आकड्यांची घरं, मग वळून सम आकड्यांची. मी छत्री वर केली, 'चला' म्हणालो आणि भानावर आलो तेव्हा पुलावर उभा होतो. मागे पंचवीस माणसं. आता परत फिरवायचं कसं? चुकलेला टपालवाला परत फिरत नसतो, तो तिथूनच वाटायला लागतो.

तेव्हा मी नववं पान आधी उघडलं आणि तुम्हाला सकाळी दहा वाजताच हरवून टाकलं. डोळे कागदातून वर न काढता वाचलं, आणि प्रत्येक वाक्यापुढे 'असं या कागदात लिहिलंय' हे जोडत गेलो, म्हणजे माझ्या जिभेला विटाळ नको. (लोकांना वाटलं, म्हाताऱ्याची सांगायची ढबच आहे.) मग तबकड्यांचं दुकान. तिथे तुम्ही पहिल्या तबकडीत वाजवताय. मग तळघर. तिथे तुम्ही चुकताय, बटणवाला वरून गज आपटतोय आणि तुम्ही खालून त्याच ठेक्यात उत्तर देताय. आणि शेवटी शाळा, जिथे अठरा वर्षांचे तुम्ही पहिल्यांदा दारातून आत येताय आणि बाकीचे तिघं म्हणताहेत, हा जमेल. वाटेत जाताना, घड्याळवाल्याला कधीच पत्र येत नसे म्हणून त्याच्यासाठी मी थांबून खोटं खोटं पिशवीत कसं बघायचो तेही सांगितलं, आणि कुठल्या फाटकामागचं कुत्रं कुणाला चावलंय तेही. मला उलटं चालता येत नाही, त्यामुळे मी पुढे बघून बोलत होतो. मागून त्यांच्यातलाच एक बस ड्रायव्हर ओरडला, 'काका, अहो मान वळवा! आम्हाला नुसतं तुमचं टक्कल ऐकू येतंय!'

मला वाटलं, झालं, करायला गेलो एक आणि झालं भलतंच, सूनबाईचा धंदा मी पहिल्याच दिवशी बुडवला. पण शाळेपाशी कुणी हलेना. त्यांच्यात एक दातांच्या डॉक्टरीणबाई आहेत, पन्नाशीच्या, भारदस्त, समोर आल्या की माणूस आपोआप तोंड उघडतो. त्यांची ही बारावी खेप. त्या रुमालात नाक शिंकरून म्हणाल्या, 'अकरा वेळा मी याला पुलावर सोडून घरी गेले. आज पहिल्यांदा तो परत आला.' साडभाऊ, मी काही केलं नव्हतं. मी फक्त फेरी केली होती. पण त्या दिवसापासून सगळ्यांना उलटीच सहल हवी. सूनबाईनं हे ऐकून प्लास्टरवर हात मारून घेतला आणि म्हणाली, 'बाबा, चार वर्षं हे मला कसं सुचलं नाही?' मी म्हटलं, तू टपालात नव्हतीस.

इथपर्यंत सगळं ठीक होतं आणि मी इथेच पत्र संपवलं असतं तर तुमचंही पोट ठीक राहिलं असतं. पण मला तुम्हाला आधी एक वेगळीच गोष्ट सांगायची आहे. मला वाटायचं, पुलावर हे लोक तुमची टिंगल करत असतील. ऐन वेळी पळाला, भ्याला, वगैरे. तुम्हीच तसं म्हणाला होतात म्हणून मी ते धरून चाललो होतो. गेले तीन आठवडे मी रोज कान देऊन ऐकतोय. 'पळपुटा' हा शब्द एकानंही काढलेला नाही. ते भांडतात, पण कशावर? तर पहिल्या तबकडीतलं तुमचं वाजवणं जास्त चांगलं की दुसऱ्या तबकडीत दुसऱ्यानं वाजवलेलं, यावर. बस ड्रायव्हर म्हणतो, 'दुसरा हुशार आहे हो, पण ठोक्या आपला वाटतो.' डॉक्टरीणबाई दात काढताना पेशंटला तुमची तबकडी ऐकवतात. (तो ओरडला तर आवाज वाढवतात.) गाणारा कोण, गिटारवाला कोण, याचं त्यांना विशेष नाही. त्यांची छायाचित्रं आहेत, मुलाखती आहेत. ओढ लागते ती ज्याचं पुढे काय झालं ते कळलं नाही त्याची. एका बाईंनी तर पुलावर मला विचारलं, 'त्याला नंतर कुणी जेवायला घालणारं भेटलं असेल का हो?' मी धाकटीच्या हाताला स्मरून नुसती मान हलवली.

आणि आता अपराध कबूल करतो. गेल्या रविवारी पुलावर डॉक्टरीणबाईंनी मला सरळच विचारलं, 'काका, त्या वेळी इथलं टपाल तुम्हीच वाटत होतात ना? मग ठोक्या गेल्यावर त्याच्या नावानं येणारी पत्रं कुठे जायची?' साडभाऊ, मला कुणी भर झोपेतून उठवून हा प्रश्न विचारला असता तरी माझ्या तोंडून तेच निघालं असतं जे तिथे निघालं. मी ताठ उभा राहिलो आणि म्हणालो, 'माणसाचा पुढचा पत्ता तिऱ्हाइताला सांगायची आम्हाला परवानगी नाही.'

मला वाटलं, काय चोख उत्तर दिलं! नियमाला धरून, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. छाती काढून मी पुढच्या ठिकाणाकडे चालू लागलो. दहा पावलं गेलो तरी मागून पावलांचा आवाज येईना. वळून बघतो तर पंचवीसच्या पंचवीस माणसं जागच्या जागी खिळलेली. शेवटी बस ड्रायव्हर दबक्या आवाजात म्हणाला, 'म्हणजे... पुढचा पत्ता आहे?'

मी म्हटलं, मी तसं म्हणालो नाही. तो म्हणाला, 'अहो, बुडालेल्या माणसाला कसला आलाय पुढचा पत्ता!' मी म्हटलं, नियम सगळ्यांना सारखाच असतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, 'काका, एवढंच सांगा, ते टपाल 'मयत' शेरा मारून परत गेलं होतं का?' आता मला सांगा, जिवंत माणसावर, तेही माझ्या साडूवर, तो शेरा मी तोंडानं तरी कसा मारू? मी म्हटलं, 'हे बघा, शेरे हे खात्याचं अंतर्गत काम आहे.' तेवढ्यावर त्यांनी पुलावर एकमेकांना मिठ्या मारल्या. एकानं तिथूनच आईला फोन लावला. मी छत्रीआड तोंड लपवून उभा. शब्द पाळता पाळता तो कधी सांडला ते मला कळलंसुद्धा नाही. तोंड उघडून बोललो असतो तर निदान बोलल्याचं समाधान मिळालं असतं.

यापुढे तुमच्याबद्दल ब्र काढायचा नाही अशी मी शपथ घेतली, आणि खरोखर काढलेला नाही. हे लक्षात असू द्या. बुधवारी साठ माणसं आली. गुरुवारी इतकी, की पुलावरून सायकलींनाही वाट मिळेना. सगळ्यांनी विचारून बघितलं. कुणी गोडीनं, कुणी डोळ्यांत पाणी आणून. एकानं तर 'तुमच्या फेरीतच आहे का, नुसती मान हलवा' असं म्हटलं, तर मी मान दोन्ही हातांनी धरून ठेवली. बोलायचं नाही म्हणजे नाही. पण दातांची डॉक्टर ती दातांची डॉक्टर, दुखरी जागा बरोबर सापडते तिला. काल सकाळी त्या एक जाड पाकीट घेऊन आल्या. वर लिहिलेलं, 'श्री. ठोक्या यांस, पत्ता टपालवाल्या काकांना ठाऊक.' मला म्हणाल्या, 'पत्ता सांगायची परवानगी नाही, हे मान्य. पण पत्र पोचवायची मनाई आहे का?'

मी निवृत्त आहे असं मी म्हणालो. त्या म्हणाल्या, 'निवृत्त झालात म्हणजे रस्ता विसरलात?'

चौतीस वर्षांत एक पत्र मी कुणाचं दाबून ठेवलं नाही. पाण्यातून नेली, कुत्री चावून घेतली, एकदा तर चुकीच्या नावाच्या पत्रासाठी अख्खी आळी पालथी घातली. हातात आलेलं टपाल म्हणजे माझ्यासाठी... असो, तुम्हाला ठाऊक आहे. मी ते पाकीट घेतलं. ते घेतलेलं पाहून बस ड्रायव्हरनं आपलं काढलं. मग रांगच लागली. (बंद पाकिटांना मी हात लावलेला नाही. पण उघडं कार्ड हे चव्हाट्यावरचं टपाल, ते नजरेखालून जातंच, त्याला इलाज नाही.) एका कार्डात लिहिलंय, 'मीही घरासाठी गाणं सोडलं आणि दुकानात बसलो. तुम्ही आहात हे कळल्यावर काल पहिल्यांदा दुकान लवकर बंद करून पेटी काढली.' दुसऱ्यात लिहिलंय, 'तिसऱ्या गाण्यात तुम्ही घाई करता. तरी आवडता.' आणि एका लहान अक्षरात नुसतं एवढंच, 'जेवण वेळेवर करता ना?' हे तिसरं वाचून मी बाकावर बसलो. साबण गेला असं सांगितलं सगळ्यांना.

तर असं सगळं चाललंय. एकंदरीत मजेत आहे म्हणायचं. रोज सहा मैल चालणं होतं, भूक लागते, झोप लागते, सूनबाई घरात बसल्या बसल्या माझ्यासाठी नवा कागद लिहितेय, यावेळी पुलापासून शाळेकडे. तुम्ही रागावला असाल तर खुशाल रागवा, तुमचा तो हक्क आहे. मी शब्द मोडला असं तुमचं मत झालं तर मी ते खाली मान घालून ऐकून घेईन. पण तुमच्याकडे माझं मागणं काहीही नाही, हे पुन्हा एकदा लिहून ठेवतो. प्रकृतीला जपा, पोटाला हलकं ठेवा, धाकटीला आशीर्वाद.

तुमचा थोरला साडू

ता. क. : टपाल काल संध्याकाळी मोजलं. एकशे चौदा पत्रं आणि नऊ पुडकी, शिवाय बटणवाल्याच्या मुलानं तळघरातलं तुमचं बसायचं लोखंडी स्टूल पुसून दिलंय, ते वेगळंच. सगळं एका पोत्यात बांधलंय. नियमाप्रमाणे तुम्हाला दोनच वाटा आहेत. एक तर टपाल स्वीकारायचं, नाहीतर प्रत्येक पाकिटावर स्वतःच्या हातानं 'घेण्यास नकार' लिहून, खाली सही करून परत द्यायचं. एकशे चौदा वेळा. तुमचं अक्षर सरकारी आहे, वेळ लागेल. घाई नाही.

ता. क. दुसरा : धाकटीला मी काहीही सांगितलेलं नाही, हे शपथेवर. मी फोनवर आडून आडून सुरुवात केली तर तिनं मला मध्येच तोडलं. 'भावोजी, मला लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यापासून ठाऊक आहे. झोपेत माझ्या पाठीवर वाजवतात.' थोरलीलाही तेव्हापासूनच ठाऊक आहे. म्हणजे एक्केचाळीस वर्षं हे गुपित आपण दोघांनी नुसतं एकमेकांपुढेच जपलं असं दिसतंय.

ता. क. तिसरा, रविवार, सकाळचे दहा : हा मजकूर तुमच्या पायरीवर बसून गुडघ्यावर कागद ठेवून लिहितोय, म्हणून अक्षर वाकडं. पाकिटावर तिकीट नाही हे तुमच्या लक्षात आलंच असेल. पोतं टपालात घेतलं जाईना, बसमध्ये चढेना, म्हणून डॉक्टरीणबाईंनी आपली गाडी काढली. पत्ता मी त्यांना सांगितलेला नाही. वाटेत फक्त 'डावीकडे', 'उजवीकडे' आणि 'इथे थांबा' एवढंच बोललो, आणि याला पत्ता म्हणत नाहीत. त्या कोपऱ्यावर गाडीत बसल्या आहेत. मी सांगितल्याखेरीज उतरणार नाहीत, आणि तुम्ही सांगितल्याखेरीज मी सांगणार नाही. बस ड्रायव्हरही मागच्या सीटवर आहे, पण तो पोतं धरायला म्हणून आला होता आणि घराच्या जवळ येताच खिशातला कंगवा काढून भांग पाडत बसलाय, तेव्हा त्याचा उपयोग नाही. घंटी वाजवत नाही, कारण वाजवली तर तुम्ही आतून 'कोण' म्हणून विचाराल, आणि मी 'साडू' म्हणावं की 'टपालवाला', ते ठरत नाहीये. हे पत्र दाराखालून सरकवतोय. वाचून झालं की सावकाश विचार करा. सही द्यायची नसेल तर देऊ नका, कुणाला भेटायचं नसेल तर भेटू नका. पण पोतं पायरीवरून आत घ्यायचं तर दोन माणसं लागतात, साडभाऊ, आणि बाहेर मी एकटाच आहे.